बाबांचा डोळा, माझं आतडं आणि मधला दोरा

एका उन्हाळ्यात आमच्या बाबांनी वाडीतले निम्मे ट्रक वाकडे करून ठेवले.

बाबा ट्रकचे पेंटर. नागपूरला लागून वाडी, तिथं अमरावती रोडला गोदामांची रांग, गोदामांसमोर ट्रकांची रांग, आणि त्या रांगेत कुठंतरी उपड्या डब्यावर बसलेले बाबा. नंबर, मालकाचं नाव, मालकाच्या पोरांची नावं, मोर, कमळ आणि गिऱ्हाईक म्हणेल तो देव. (आम्ही जयभीमवाले. पण बाबा म्हणायचे, "देव ड्रायव्हरचा, ब्रश आपला. ब्रशनं काहून भेदभाव करावा?") साऱ्या वाडीत त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. बाबांची रेघ! पट्टी त्यांनी जन्मात हातात धरली नाही. रंगात बुडवलेला दोरा घ्यायचा, एक टोक खिळ्याला, दुसरं दाताखाली, आणि मध्ये बोटानं टिचकी. टण्! ट्रकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटलीच म्हणून समजा.

तर त्या उन्हाळ्यात जग्गा उस्ताद नावाचा एक दांडगा ड्रायव्हर आपल्या ट्रकपुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "पेंटरजी, लाइन टेढ़ी है."

बाबांनी मान वर केली नाही. "लाइन सीधी है. तुम्हारा ट्रक टेढ़ा है."

उस्ताद बिचारा ट्रकभोवती दोन चकरा मारून आला. ट्रक सरळ होता. मग दुसऱ्या ट्रकची लाइन वाकडी निघाली, मग तिसऱ्याची. बाबांच्या मते त्या वर्षी बॉडी बिल्डरांनी सगळे ट्रकच वाकडे बांधले होते. मी समोरच्याच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होतो. ड्रायव्हर लोक माझ्या टेबलापाशी येऊन सांगू लागले, "मन्याभाऊ, बाप को संभालो." मी संध्याकाळी बाबांसमोर दोरा ताणून धरला आणि विचारलं, "हा तरी सरळ दिसते का?"

बाबांनी एक डोळा बारीक केला. (दुसरा बारीक करायची गरज नव्हती. तो लहानपणीच विटी लागून गेलेला.) बराच वेळ पाहून म्हणाले, "दोराच वाकडा हाय. बाजारात काय माल येऊन राहिला बे आजकाल!"

ताणलेला दोरा वाकडा कसा असेल, हे मी त्यांना विचारलं नाही. बापाला कोण विचारतो? मग बाबा हवेत टाळ्या वाजवू लागले. "डास फार झाले," म्हणायचे.

"बाबा, एकही डास नाही."

"तुले दिसत नाही. डोळे तपासून घे जरा!"

मग त्यांना उजेडाचे झटके दिसू लागले. भर दुपारी ओरडायचे, "कोण वेल्डिंग करून राहिला रे तिकडं?" तिकडं कोणी काही करत नसायचं. तरी आम्ही हसतच होतो. शेवटी एका सकाळी जेवायला बसले, पोळी खाल्ली, भात खाल्ला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "कुसुम, आज भाजी नाही केली का वं?"

भाजी त्यांच्या ताटातच होती. त्यांच्याच पुढ्यात, अगदी पोटाजवळच्या बाजूला. कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. हसू तिथंच संपलं. मी तसाच त्यांना रिक्षात घालून धंतोलीत नेलं.

धंतोलीत तेव्हाही दर दुसऱ्या घरावर डॉक्टरची पाटी होती. डोळ्याच्या डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यात बत्ती मारून बराच वेळ पाहिलं, मग मला समजावून सांगितलं, "डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. तो सुटलाय. त्याच्यामागे पाणी शिरलंय."

"पोपडा आला म्हणा ना, साहेब," बाबा म्हणाले. "आतून ओल आली की भिंतीचा रंग सुटते, तसा."

"अगदी तसंच."

"मग खरवडा अन् नवा हात मारा."

"नवा हात नाही मारता येत, बाबा. जुनाच चिकटवावा लागतो. दुसरा डोळा कसा आहे?"

"तो विटीनं नेला, साहेब."

डॉक्टरांनी हातातली बत्ती खाली ठेवली. मग बाबांनीच हळूच विचारलं, "ब्रश खाली ठेवा लागन का मले?" त्या आवाजात मी बाबांना आयुष्यात कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण खरी परीक्षा त्यानंतर आहे. डोळे बांधून उताणं पडून राहायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उठायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही आणि हसायचंही नाही. "चोवीस तास कोणीतरी शेजारी पाहिजे. हे झटक्यानं उठले आणि पडदा पुन्हा सुटला, तर मग माझ्या हातात काही नाही."

"मी आहे ना डॉक्टरसाहेब!" मी छाती पुढं काढून म्हणालो. "मी जागचा हलणार नाही."

आता ज्या माणसानं हे वाक्य उच्चारलं, त्याच्या आतड्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. (जेवत असाल तर आधी जेवण उरकून घ्या.)

मला मोठ्या आतड्याचा जुना आजार. आतून सूज येते, व्रण होतात, आणि मग माणूस घरात कमी आणि घरामागे जास्त राहतो. पोटाच्या डॉक्टरांनी, तेही धंतोलीतलेच, मला पिवळ्याधमक, चांगल्या दणकट गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि बजावलं होतं, "हा आजार जात नाही, दबून राहतो. गोळी रोज घ्यायची. बरं वाटत असेल तेव्हाही घ्यायची. बरं वाटतंय ते गोळीमुळेच वाटतंय, हे डोक्यात ठेवा."

मी ते डोक्यात ठेवलं. पोटात मात्र गोळी ठेवायचं बंद केलं! कारण मला बरं वाटत होतं. आणि बऱ्या माणसानं औषध घ्यावं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यातून आला उन्हाळा. त्या गोळ्यांनी लघवी नारंगी व्हायची. नागपूरच्या माणसाचं संत्र्याशी नातं असतं हे मान्य, पण ते इतकं आतून असावं हे काही मला पटेना. मी स्वतःच निदान केलं की गोळ्या गरम आहेत. नागपूरचा मे महिना, वरून ऊन, आतून गरम गोळी. माणूस भाजून निघेल की नाही?

कुसुमचा मात्र त्या डॉक्टरांवर पक्का विश्वास. रोज ताटावर बसलो की विचारणार, "काय जी, गोळी घेतली का?" मी "हो" म्हणायचो. गोळी अंगणातल्या मोगऱ्याच्या कुंडीत जायची. (त्या मोगऱ्याला आतड्याचा त्रास कधीही झाला नाही, हे मी शपथेवर सांगतो.)

बाबांना माझी ही लक्षणं ठाऊक होती. ऑपरेशनला आत नेण्याआधी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मन्या, सौदा कर. मी हलत नाही, तू गोळी चुकवत नाही. मंजूर?"

"मंजूर, बाबा."

"माझ्यासमोर घ्यायची. मले दिसणार नाही, पण गिळल्याचा आवाज आला पाह्यजे."

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा खाटेवर आले ते डोळ्यांवर जाड पट्टी बांधून, दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या, छातीवर हात. एका हातात आपल्या पेंटरच्या दोऱ्याची गुंडाळी. लोक माळ धरतात, तसा त्यांनी तो दोरा धरला होता, आणि सिस्टरनं काढून घेतला तर "साहेबाले बोलवा" म्हणून अडून बसले. म्हणजे अडून पडले. शेवटी सिस्टरनं तो परत दिला.

पहिल्याच दुपारी फर्मान निघालं. "गोळी घे."

मी ग्लासभर पाणी घेतलं आणि असा घटाघट आवाज काढला की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला तहान लागली. गोळी मात्र शर्टाच्या खिशात टाकली. बाबा समाधानानं म्हणाले, "शाबास." मग मी त्यांना म्हणालो, "बाबा, मान हलवू नका. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकावं लागते. आपलं डोकं चालवायचं नाही." हे मी तोंड वर करून म्हणालो. आणि रोज म्हणत राहिलो.

आमच्याकडं पेशंट म्हटला की भेटायला येणारे आलेच, आणि भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. जग्गा उस्ताद चांगला भला मोठा डबा घेऊन आला. आत सावजी मटण. वरच्या तर्रीकडं नुसतं पाहिलं तरी टाळूला घाम फुटावा असं!

"पेंटरजी को खिलाओ, ताकत आएगी."

सिस्टर म्हणाली, ह्यांना चावायची मनाई आहे, पातळ खिचडीच द्यायची. आता उस्तादाचा अपमान कसा करणार? मी तो डबा बाबांच्या वतीनं संपवला. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, पण मी मान राखला.

त्या रात्रीपर्यंत माझं पोट ताळ्यावर होतं. दुसऱ्या सकाळी ते बोलू लागलं, आणि दुपारपर्यंत भाषण करू लागलं.

संडास कॉरिडॉरच्या पार टोकाला. मी जायचो, धडपडत परत यायचो, स्टुलावर टेकतो न टेकतो तोच पुन्हा उठायचो. बाबा पट्टीआडून सगळं ऐकत होते. "मन्या, पुन्हा निघाला बे?"

"पाणी आणायले चाललो, बाबा."

"मगापासून विहीर खोदून राहिला का?"

सिस्टरनं मला एकदा कॉरिडॉरमध्येच गाठलं. "तुमचे वडील एकटे दिसले तर मी डॉक्टरांना सांगेन हं! त्यांनी तुम्हाला हाक मारली आणि मान उचलायला निघाले होते. मी नसते आले तर?"

कुसुम संध्याकाळी येणार होती. दुसरं कोणी नव्हतं. मी बाबांना खरं काय ते सांगितलं, म्हणजे निम्मं खरं. पोट बिघडलंय, सावजी बाधलं.

बाबा म्हणाले, "अबे, हा दोरा कशाले हाय मग?"

पेंटरांचा तो दोरा म्हणजे नुसती रेघ मारायचं साधन नव्हे. मोठ्या बॉडीवर दोघं पेंटर दोन टोकांना असले, मध्ये ट्रकचा घरघराट असला, की ते दोऱ्यानंच बोलतात. एक टिचकी मारली की "तयार का?" उलट एक टिचकी आली की "तयार." आणि दोरा नुसता ओढलेलाच राहिला तर समजायचं, पलीकडचा माणूस शिडीवरून पडला! बाबांनी दोऱ्याचं एक टोक आपल्या मनगटाला बांधून घेतलं, दुसरं माझ्या मनगटाला बांधायला लावलं. "जा. मी टिचकी मारतो, तू मार. तुले माझी खबर, मले तुझी."

सुंदर योजना! दोन पेशंट, एक दोरा. मी गुंडाळी सोडत सोडत कॉरिडॉरनं गेलो, संडासात शिरलो, फटीतून दोरा आत घेतला आणि कडी लावली. टण्! बाबा विचारत होते. टण्! मी उत्तर दिलं. पहिली खेप निर्विघ्न पार पडली. दुसरीही पडली. मला तर वाटू लागलं, ही युक्ती सगळ्या दवाखान्यांनी लागू करावी.

पण एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो. ताणलेली दोरी दिसली की आपला माणूस तिच्यावर काहीतरी वाळत घालतो. ते त्याच्या रक्तातच असतं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको पिळलेला टॉवेल घेऊन बाहेर आली, कॉरिडॉरभर गेलेली दोरी तिनं पाहिली, मनातल्या मनात दवाखान्याला आशीर्वाद दिला, आणि टॉवेल दोरीवर टाकून चालती झाली. तो पिळलेला म्हणायचा इतकंच. पाणी ठिबकत होतं.

इकडं आत माझ्या पोटात कळ आलेली, डोळ्यापुढं काजवे, आणि एकदम मनगटावर ओढ! मी टिचकी मारली. दोरा हलेना. पुन्हा मारली. दोरा तसाच ताणलेला, खाली खेचलेला. बाबा पडले! खाटेवरून पडले! डोळा गेला! मी एका हातानं पायजमा आणि एका हातानं कडी धरली, आणि कोणता हात कुठं होता हे आजही मला नीट सांगता येणार नाही.

तिकडं बाबांच्याही मनगटावर तीच ओढ. टिचकी मारली तर जबाब नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं अंधार, कानात माझ्या दिवसभराच्या धावपळीचा आवाज. त्यांनी एकच हिशेब केला. पोरगा संडासात चक्कर येऊन पडला. ज्या माणसाला डॉक्टरांनी हसायलाही बंदी केली होती, तो माणूस वाळूच्या पिशव्या बाजूला सारून उठून बसला, जमिनीवर पाय टेकवले, आणि दोरा हातानं चाचपत चाचपत चालू लागला!

मी कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून दोरा धरून निघालो, बाबा या टोकाकडून. बरोबर मध्ये टॉवेल. बाबांचा हात टॉवेलला लागला. त्यांनी तो दोन्ही हातांनी चाचपला, छातीशी धरला आणि कळवळून म्हणाले, "मन्या! ओला काहून झाला बे?"

"बाबा, मी इकडं आहे!" मी ओरडलो.

"मग हा कोण हाय?"

तेवढ्यात सिस्टरची किंकाळी आली. ती अशी होती की धंतोलीतल्या सगळ्या पेशंटांच्या टाक्यांना हिसका बसला असेल. दोघं वॉर्डबॉय धावले, बाबांना आडवं उचलून खाटेवर नेऊन ठेवलं, पिशव्या लावल्या. डोळ्याचे डॉक्टर धावत आले. पट्टीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आता उघडून बघता येणार नाही. काढायच्या दिवशीच कळेल काय झालं ते." त्यांचा चेहरा मी पाहिला. माझ्या बाबांचा एकुलता एक डोळा मी संडासात बसून घालवला, हे एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. तिथंच भिंतीला टेकून मी खाली बसलो आणि पुढचं मला आठवत नाही.

जागा झालो तेव्हा मी बाबांच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खाटेवर होतो. हाताला सलाइन. समोर पोटाचे डॉक्टर, त्यांना मागच्या गल्लीतून बोलावून आणलं होतं. पायाशी कुसुम.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद नाहीत, साहेब. सावजी बाधलं."

"सावजीला बिचाऱ्याला दोष देऊ नका."

पलीकडच्या खाटेवरून बाबांनी साक्ष दिली. "घेते तो गोळी, साहेब! मी रोज कानानं ऐकतो. चांगला घटाघट आवाज येते."

कुसुमनं पिशवीतून माझा पांढरा शर्ट काढला आणि डॉक्टरांसमोर धरला. ती तो घरी धुऊन, वाळवून, घडी करून घेऊन आली होती. रोजच्या गोळ्या खिशात ठेवून, वरून घाम गळून, खिशावर पिवळ्या-नारंगी रंगाचा मोठा थोरला डाग उमटला होता.

"काय दाखवून राहिली वं?" बाबांनी विचारलं.

"ह्यांचा खिसा, बाबा. गोळ्यांचा रंग लागला त्याले."

"कोणता रंग?"

"पिवळा. जरासा नारंगी."

"धुतल्यानं गेला नाही?"

"तीनदा धुतला. गेला नाही."

"पक्का रंग हाय," बाबा म्हणाले. सवयीनं म्हणाले, पण मग त्यांना त्याचा अर्थ लागला. डॉक्टर हळूच बाहेर गेले. मग बाबा बोलले, "मन्या, मी आंधळा पडलो होतो बे. आंधळ्या माणसाले पाणी पिऊन दाखवलं तू?"

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. मला रडू कोसळलं. चांगला बाप व्हायच्या वयाचा माणूस, सलाइन लावलेल्या हातानं नाक पुसत रडत होतो. बाबा म्हणाले, "रडू नको. तू रडला की मले उठावंसं वाटते, अन् उठाले बंदी हाय. कुसुम, याची खाट सरकव इकडं. गोळी दे माझ्या हाती."

त्या दिवसापासून गोळी बाबांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातली. डोळे बांधलेले, मान स्थिर, फक्त हात लांब करून. पहिली नाकात गेली. दुसरी मिशीत अडकली. पण नंतर त्यांचा नेम बसला, आणि गिळल्यावर तोंडात बोट फिरवून खात्री करून घ्यायचे! पेंटरच्या बोटाला टर्पेंटाइनचा वास असतो, हे मला तेव्हा नीट कळलं. माझं पोट हळूहळू शांत झालं. बाबा तसूभरही हलले नाहीत. पण उठायचं ते उठून झालं होतं, आणि पट्टी काढायच्या दिवसाची मला धास्ती बसली होती.

तो दिवस आला. डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापूस काढला, डोळा पुसला. "हळू उघडा. काय दिसतं?"

बाबांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोर खिडकी होती. मी पलंगाचा पाइप घट्ट धरून उभा होतो. कुसुमनं माझी बाही धरली होती.

"धुरकट हाय," बाबा म्हणाले. "खिडकी हाय. खिडकीले गज हायेत." मग ते थांबले. एकेका गजावरून त्यांची नजर वरून खाली सरकत गेली. "साहेब... गज सरळ हायेत!"

डॉक्टरांनी इतका मोठा श्वास सोडला की मला कळलं, त्यांनाही झोप आली नव्हती. त्यांनी बत्ती मारून आत पाहिलं. "चिकटलाय. कसा काय ते विचारू नका, पण चिकटलाय."

मग बाबांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हा मात्र वाकडा दिसून राहिला."

डॉक्टर दचकले. "वाकडं दिसतंय? कुठं? कोणत्या बाजूला?"

"नाही साहेब, घाबरू नका. हा असाच हाय."

घरी आल्यावर बरेच आठवडे बाबांना ब्रश धरायची परवानगी नव्हती. ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांच्या पट्ट्या पाहायचे आणि "कोण्या गाढवानं मारली ही लाइन?" म्हणायचे. कुसुम म्हणायची, "बाबा, तुम्हीच." मग परवानगी मिळाली. जग्गा उस्ताद ट्रक घेऊन हजर झाला, पण बाबा म्हणाले, "थांब. पहिलं काम घरचं."

आम्ही राहायचो त्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेमागे सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता. त्याचं दार मागून जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. बाबांनी सकाळी त्या दाराला हिरवा हात दिला, दुपारी दोरा दाताखाली धरून टिचकी मारली, आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा ट्रकच्या मागे असतात तशा लालभडक अक्षरांत, पांढरी सावली देऊन, भोवती कमळांची वेल काढून, त्या दारावर लिहिलेलं होतं:

गोळी घेतली का?

साऱ्या वाडीनं ते वाचलं. जाणारे ट्रक वेग कमी करून वाचू लागले. जग्गा उस्ताद तर हॉर्न वाजवून विचारायचा. आमच्या रांगेतल्या ज्या बिऱ्हाडांत कोणाला काहीही आजार नव्हता, त्यांतली माणसंसुद्धा आत जाताना दारापाशी घुटमळू लागली. एक शेजारी तर डॉक्टरकडं जाऊन "मलेही काही तरी गोळी द्या" म्हणून मागून आला.

मी रागानं लाल झालो. म्हटलं, यात एक तरी वाकडी रेघ शोधून दाखवतो आणि बाबांना हे पुसायला लावतो. बाबांचाच दोरा घेतला, कुसुमला एक टोक धरायला लावलं आणि अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघेला तो भिडवला. मग खालच्या पट्टीला. मग चारी कडांना. बाबा डब्यावर बसून बिडी ओढत बघत होते.

एक केसभर जागा सापडली नाही. साऱ्या रेघा सरळ. पहिल्यासारख्या. माझ्या हातातून दोरा गळून पडला, आणि त्या संडासाच्या दारापुढं भर रस्त्यात मी बाबांना मिठी मारली. त्यानंतर मी साऱ्या रांगेला पेढे वाटले, उस्तादाला पेढा दिला, ड्रायव्हरांना पेढे दिले, दिसेल त्याला धरून ते दार दाखवलं, दिवे लागेपर्यंत दाखवत राहिलो.

आणि त्या आनंदाच्या भरात, गोळी घ्यायची राहिली.